बॅग विमानाच्या पोटात गेली, लॅपटॉप फुटून आला

प्रश्न

मी घरून काम करते, वास्तुरचनाकारांना रेखाचित्रं बनवून देते. नुकतीच परदेशातून परत आले. एकाच तिकिटावर दोन विमानं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची. पहिल्या विमानात चढताना गेटवरच्या बाई म्हणाल्या, वरचे कप्पे भरले आहेत, तुमची बॅग खाली टाकावी लागेल. मी म्हटलं, आत लॅपटॉप आहे. त्या म्हणाल्या, काही होत नाही, लवकर करा, मागे रांग आहे. त्यांनी बॅगेला टॅग लावला, त्याचा तुकडा माझ्या हातात दिला, आणि बॅग थेट शेवटच्या विमानतळावर बेल्टवर मिळाली. मध्यरात्र उलटली होती, खांद्यावर मूल झोपलेलं. बॅग बाहेरून धड दिसली म्हणून तशीच घरी आले. सकाळी उघडून बघते तर लॅपटॉपच्या झाकणाचा एक कोपरा वाकलेला, स्क्रीनला तडे. चालू केला की आत पंखा फिरल्याचा आवाज येतो, दिसत मात्र काही नाही.

ज्या कंपनीच्या विमानाने घरी पोचले तिला फोन केला. उत्तर मिळालं, ‘विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार केली नाहीत, आता काही होणार नाही. शिवाय चेक-इन सामानातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी आम्ही घेत नाही. बॅग पहिल्या कंपनीने घेतली, त्यांना विचारा.’ पहिली कंपनी म्हणते, शेवटच्या कंपनीला विचारा. घरात सगळे म्हणतात, सोडून दे, कोण दाद देतंय. आणि लॅपटॉप काढून का घेतला नाहीस, हे दिवसातून दोनदा ऐकवतात. तिकिटाबरोबर प्रवास विमा घेतला होता. लॅपटॉप लगेच दुरुस्तीला टाकू का? आतलं काम परत मिळेल का? आणि भांडण्यात खरंच अर्थ आहे का? आज चौथा दिवस आहे.

— एक वाचक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि सदर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला त्याच दिवशी निरोप पाठवला: आजच दोन्ही कंपन्यांना लेखी तक्रार पाठवा, बाकीचं सगळं नंतर. तुम्ही ती पाठवलीत, असं कळलं. फार बरं झालं. आता सविस्तर लिहिते, तुमच्यासाठी आणि उद्या तुमच्या जागी उभ्या राहणाऱ्या इतरांसाठीही.

सर्वात आधी फोनवर मिळालेलं उत्तर बाजूला ठेवा. त्यात तीन गोष्टी सांगितल्या गेल्या आणि तिन्ही तुमच्या बाबतीत टिकणाऱ्या नाहीत.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामानाचं नुकसान झालं तर कोण किती जबाबदार, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. त्यासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे. तो २००३ च्या नोव्हेंबरपासून अमलात आहे आणि १३० हून अधिक देशांनी तो स्वीकारला आहे. तुमचा प्रवास जिथून सुरू झाला आणि जिथे संपला ते दोन्ही देश त्यात असतील, तर तुमच्या प्रकरणाला हाच कायदा लागतो. जाऊन-येऊन तिकीट असेल तर सुरुवात आणि शेवट एकाच देशातला धरला जातो, मध्ये परदेशी थांबा असला की पुरे. एखाद्या देशाने हा करार स्वीकारलेला नसेल, तर १९२९ चा वॉर्सा करार आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या बघाव्या लागतात. तिथे भरपाई किलोच्या हिशेबाने आणि बरीच कमी असते. आणि प्रवास सुटा देशांतर्गत असेल तर त्या त्या देशाचे नियम. पण आंतरराष्ट्रीय तिकिटाचाच भाग असलेला देशांतर्गत टप्पा आंतरराष्ट्रीयच मानला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता पहिला मुद्दा, विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार केली नाही हा. विमानतळावरच सामान विभागाच्या काउंटरवर जाऊन नोंद करणं केव्हाही चांगलं. तिथे ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ नावाचा कागद बनवून देतात, सगळे त्याला पीआयआर म्हणतात. तो हातात असला की पुढचं काम सोपं होतं, यात शंका नाही. पण तो नसला म्हणून हक्क संपत नाही. कराराच्या कलम ३१ मध्ये मुदत स्पष्ट आहे: चेक-इन सामानाचं नुकसान लक्षात येताच, आणि उशिरात उशिरा सामान हातात मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, लेखी तक्रार. हे सात दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नाहीत. रविवार, सुट्ट्या त्यात धरल्या जातात. आणि तक्रार त्या मुदतीत कंपनीकडे पोचलीच पाहिजे असं बंधन नाही, मुदतीत रवाना केलेली असली तरी चालते.

‘लेखी’ या एका शब्दावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. तुम्ही केलेले दोन फोन कायद्याच्या हिशेबात जवळपास न केल्यासारखेच. समोरचा माणूस कितीही गोड बोलला, ‘नोंद करून घेतली आहे’ म्हणाला, तरी तुमच्या हातात काही उरत नाही. सात दिवस लेखी तक्रारीशिवाय गेले, तर कंपनीने लबाडी केली असल्याशिवाय दावाच लावता येत नाही. फोनवर नकार ऐकून गप्प बसलेले कितीतरी लोक आठवा दिवस उजाडू देतात. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण नकार देणाऱ्याला ना नकार देण्याचा अधिकार असतो, ना त्याने कायदा वाचलेला असतो. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर जे लिहिलंय ते तो वाचून दाखवतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पीआयआर केला म्हणजे तक्रार झाली, असं समजून निर्धास्त होणारेही असतात. बऱ्याच कंपन्या पीआयआर ही फक्त घटनेची नोंद मानतात आणि भरपाईचा दावा वेगळा मागतात. तेव्हा काउंटरवर कागद मिळाला तरी सात दिवसांत स्वतःचं पत्र जाऊ द्यावंच.

दुसरा मुद्दा, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी घेत नाही हा. हे वाक्य बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये असतं आणि त्यालाच लोक सर्वात जास्त घाबरतात. करार काय म्हणतो? सामान कंपनीच्या ताब्यात असताना नुकसान झालं तर कंपनी जबाबदार, हे कलम १७. तिची चूक होती हे प्रवाशाने सिद्ध करायची गरज नाही. सुटका दोनच: नुकसान त्या वस्तूतल्याच मूळच्या दोषामुळे किंवा प्रवाशाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तेवढ्यापुरती. आणि कलम २६ सांगतं की ही जबाबदारी झटकणारी किंवा कराराने ठरवलेली मर्यादा कमी करणारी अट तिकिटाच्या करारात घातली, तर ती अट रद्दबातल. तुमच्या पत्रात या कलमाचा उल्लेख जरूर करा. अमेरिकेच्या परिवहन खात्याने तर २००९ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं होतं की आंतरराष्ट्रीय प्रवासात एकदा सामान म्हणून वस्तू स्वीकारली, तर ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू वगळल्या आहेत’ असं म्हणून हात वर करता येणार नाहीत.

पण हे सगळं ‘चेक-इन’ सामानाचं झालं. तुमची बॅग तर केबिन बॅग होती. मग? तुमच्याजवळ जपून ठेवलेला तो टॅगचा तुकडा इथे कामाला येतो. बॅग तुमच्या हातातून घेतली, तिला टॅग लावला, तुम्हाला तुकडा दिला, त्या क्षणी ती चेक-इन बॅग झाली. तुम्ही ती स्वतःजवळ ठेवली असती आणि वरच्या कप्प्यात फुटली असती, तर कंपनीची किंवा तिच्या माणसांची चूक तुम्हाला दाखवावी लागली असती. आता तो भार तुमच्यावर नाही. बॅगेच्या दांडीवरची टॅगची पट्टी अजून असेल तर कापू नका, तशीच राहू द्या. बोर्डिंग पासही जपा. मोबाइलमध्ये असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, काही ॲपमधून प्रवास संपला की तो गायब होतो.

तिसरा मुद्दा टोलवाटोलवीचा. एकाच तिकिटावर एकापाठोपाठ वेगवेगळ्या कंपन्यांचा प्रवास असेल, तर कलम ३६ प्रमाणे सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीकडेही मागू शकतो, शेवटच्या कंपनीकडेही, आणि ज्या टप्प्यात नुकसान झालं त्या टप्प्याच्या कंपनीकडेही. या सगळ्यांची जबाबदारी एकत्रितही असते आणि प्रत्येकीची वेगळीही. लॅपटॉप नेमका कुठे आपटला, पहिल्या विमानात चढवताना की मधल्या विमानतळावर, हे शोधून काढणं तुमचं काम नाही. दोन्ही कंपन्यांना एकच पत्र, दोघींनाही कळेल अशा प्रकारे दुसरीलाही पाठवल्याचं त्यात नमूद करून. मग त्यांनी आपसात काय ते मिटवावं. तिकिटं सुटी, वेगवेगळी काढलेली असती तर मात्र हा आधार इतका सरळ मिळाला नसता.

पत्र लांबलचक नको. रागही नको, तो अगदी रास्त असला तरी वाचणारा नेमका तोच भाग उचलतो आणि मूळ मुद्दा मागे पडतो. कंपनी जी भाषा वापरते त्या भाषेत, साधारण एवढंच:

‘मी अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या विमानांनी प्रवास केला. तिकीट क्रमांक हा, टॅग क्रमांक हा. माझी केबिन बॅग गेटवर तुमच्या कर्मचाऱ्यांनी घेऊन सामानकक्षात पाठवली. आत लॅपटॉप असल्याचं मी त्याच वेळी सांगितलं होतं. बॅग अमुक तारखेला मिळाली. लॅपटॉपची स्क्रीन फुटलेली आणि झाकणाचा कोपरा वाकलेला आढळला. मॉन्ट्रियल करार, १९९९ च्या कलम ३१ अन्वये ही नुकसानीची लेखी तक्रार आहे. कलम १७ नुसार मी भरपाई मागत आहे. दुरुस्तीचा अंदाज आणि खरेदीचं बिल मागाहून पाठवत आहे. फोटो सोबत जोडले आहेत.’

रक्कम अजून माहीत नाही म्हणून पत्र अडवून ठेवायचं कारण नाही. रक्कम नंतर कळवता येते, मुदत परत मिळत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरलात तर ‘सबमिट’ करण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण बऱ्याच फॉर्ममधून तुम्ही काय लिहिलंत त्याची प्रत परत येत नाही. फॉर्मसोबत तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. लॅपटॉपचा उल्लेख केल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंत ते जसं घडलं तसंच लिहा, एक शब्द वाढवून नको. उद्या कंपनीने ‘सामान नीट बांधलं नव्हतं, तुमचाही निष्काळजीपणा आहे’ असं म्हटलं, तर त्या वाक्याचाच तुम्हाला आधार आहे: बॅग केबिनसाठी भरलेली होती, खाली टाकण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि आत काय आहे हे त्यांना कळलेलं होतं.

आता पुरावा. बॅग तक्रार न करता घेऊन गेलात, म्हणजे ती धडधाकट मिळाली असं प्रथमदर्शनी मानलं जातं. हे खोडून काढता येतं, पण ते काम तुमचं. कसं करायचं ते सांगते.

लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा. आधी बंद अवस्थेत चारही बाजूंनी फोटो, मग वाकलेला कोपरा अगदी जवळून, मग झाकण उघडून स्क्रीन, एकदा बंद आणि एकदा चालू. तळावरचा सिरियल नंबर वाचता येईल असा एक. नंतर बॅग घ्या. बाहेरून धड दिसली असं तुम्ही म्हणता, पण तेव्हा मध्यरात्र होती आणि खांद्यावर मूल होतं. दिवसाउजेडी कोपरे, चाकांच्या बाजू, शिवणी बघा. कुठे घासल्याची, दबल्याची खूण असेल. मग लॅपटॉप बॅगेत जसा ठेवला होता तसा परत ठेवा आणि दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो काढा. बॅगेचा दबलेला कोपरा आणि लॅपटॉपचा वाकलेला कोपरा एकमेकांसमोर आले, तर तो एक फोटो दहा ओळींपेक्षा जास्त बोलेल.

आणि एक गोष्ट लोकांना सुचत नाही. लॅपटॉप प्रवासापूर्वी चालत होता हे दाखवायला तुमचं कामच साक्षीदार आहे. रेखाचित्रांच्या फाइल क्लाउडवर साठत असतील, तर त्यांच्या इतिहासात शेवटचा बदल किती वाजता झाला ते दिसतं. विमानतळावर बसून तुम्ही एखादी फाइल जतन केली असेल, कुणाला ईमेल केली असेल, तर त्या वेळेला स्क्रीन शाबूत होती हे उघड आहे. फुटलेल्या स्क्रीनवर कुणी नकाशे काढत नाही. त्या पानाची प्रत काढून ठेवा.

दुरुस्तीला लगेच टाकू का, हा तुमचा प्रश्न. टाकू नका, आधी दाखवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून घ्या आणि लेखी अहवाल मागा. त्यात बिघाड काय, तो बाहेरून बसलेल्या आघातामुळे आहे का, दुरुस्तीला किती लागतील, आणि दुरुस्ती परवडणारी नसेल तर तसं स्पष्ट, असं सगळं यायला हवं. ‘स्क्रीन खराब’ एवढ्या दोन शब्दांचा कागद घेऊन येऊ नका. विमा कंपनीला प्रत्यक्ष पाहणी करायची असू शकते. त्यांना न विचारता दुरुस्ती केली तर दावा तिथेच अडकतो. कामासाठी थांबणं शक्य नसेल, तर दोन्ही विमान कंपन्यांना आणि विमा कंपनीला लेखी कळवा की अमुक तारखेपर्यंत पाहणी करायची असल्यास करावी, त्यानंतर मी दुरुस्ती करून घेईन. काढलेली जुनी स्क्रीन सर्व्हिस सेंटरकडून परत मागून घ्या. पुष्कळदा ते ती ठेवून घेतात, म्हणून आधीच सांगा.

पण सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी आतलं काम. तुमच्या पत्रात ही ओळ शेवटी आली आहे, मला वाटतं तुमच्या मनात ती सर्वात वर असणार.

पंखा फिरतोय ही चांगली खूण आहे. बहुधा बोर्ड जिवंत आहे आणि मार फक्त स्क्रीनला बसला आहे. मात्र चार्जर लावण्याआधी बॅटरी तपासा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डगमगतो का? टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का? तळाच्या शिवणीत फट पडली आहे का? गोडसर, रसायनासारखा वास येतो का? यातलं एकही दिसलं तर बॅटरी फुगली किंवा दुखावली आहे. मग चार्ज करू नका, दाबून फट बसवायचा प्रयत्न करू नका, कागद-कापडापासून दूर ठेवा आणि तसाच तंत्रज्ञाकडे न्या. अशी दुखावलेली लिथियम बॅटरी विमानातून न्यायला मनाई आहे, केबिनमध्येही आणि खालीही. कुरिअरने पाठवायची वेळ आली तर बॅटरीची अवस्था त्यांना सांगावीच लागते आणि हवाई मार्गाने ती जात नाही.

बॅटरी ठीक असेल तर एचडीएमआय किंवा टाइप-सी केबलने लॅपटॉप एखाद्या मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडा. बऱ्याचदा चित्र आपोआप येतं; नाही आलं तर विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून बाहेरचा पडदा निवडता येतो. चित्र दिसलं की दुसरं काहीही करू नका, आधी सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवा. सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलू शकतं, आतलं सगळं पुसूही शकतं, आणि त्याची जबाबदारी ते घेत नाहीत, त्यांच्या पावतीवर तसं छापलेलं असतं.

चित्र आलंच नाही तर एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारा आतला भाग, काढून बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये लावता येते का, हे तंत्रज्ञ सांगेल. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे आपटण्याने ती सहसा मरत नाही. ॲपलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच असते, तिथे हा मार्ग बंद. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर रिकव्हरी की लागेल; ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आत्ताच शोधून ठेवा. आणि लॅपटॉप जुना असून आत फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि टिकटिक आवाज येत असेल, तर त्या क्षणी बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी चालू करताना डिस्कवर ओरखडे वाढत जातात. असं प्रकरण डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्यावं. गेलेल्या कामाचे पैसे विमान कंपनी देईल या भरवशावर मात्र राहू नका. भरपाईचं बोलणं मुख्यतः वस्तूवरच होतं.

तर मग पैसे किती? २८ डिसेंबर २०२४ पासून मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे, त्याआधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या भावावरून त्याचा भाव ठरतो आणि नाणेनिधीच्या वेबसाइटवर तो बघता येतो. १,५१९ एसडीआर म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर धरा. ही मर्यादा तुमच्या सगळ्या सामानाची मिळून आहे, एकट्या लॅपटॉपची नाही. आणि ती कमाल मर्यादा आहे, ठरलेली भरपाई नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये हरवलेल्या सामानाच्या एका खटल्यात हेच सांगितलं: नुकसान जेवढं सिद्ध होईल तेवढं मिळेल. म्हणून खरेदीचं बिल शोधा. मिळत नसेल तर दुकानाकडून प्रत, कार्डाच्या हिशेबातली नोंद, निर्मात्याकडची वॉरंटी नोंदणी, यातलं काहीही चालेल. लॅपटॉप वापरलेला असल्यामुळे कंपनी घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, लावेल. दुरुस्तीचा खर्च मागत असाल तर घसाऱ्याला जागा कमी राहते. नवीन लॅपटॉपची किंमत मागितली की वाद वाढतो. तुमच्या वर्णनावरून दुरुस्ती होण्यासारखी दिसते. दुरुस्तीचेच मागा.

विम्याचं थोडक्यात. पॉलिसी उघडून दोन गोष्टी बघा: एका वस्तूमागची मर्यादा, आणि चेक-इन सामानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं वगळली आहेत का. अनेक पॉलिसींमध्ये ती वगळलेली असतात, आणि मॉन्ट्रियल कराराचं कलम २६ विमा कंपनीला लागू होत नाही. तरीही कळवा, मुदतीत कळवा. बॅग तुमच्या इच्छेविरुद्ध घेतली गेली हे लिहा. ज्या कार्डाने तिकीट काढलं त्यावरही कधी कधी सामानाचं संरक्षण असतं. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, पण एकीकडे कमी पडलं तर उरलेलं दुसरीकडे मागता येतं. हा लॅपटॉप तुमच्या मालकीचा आहे म्हणून हे सोपं. एखाद्या कार्यालयाचा असता तर दावा कुणी करायचा हे आधी त्यांना विचारावं लागलं असतं.

घरच्यांच्या त्या दिवसातून दोनदाच्या प्रश्नाबद्दलही लिहावंसं वाटतं. गेटवर मागे रांग, कडेवर मूल, समोर गणवेशातली व्यक्ती ‘काही होत नाही’ म्हणत असताना माणूस बॅग देतो. तुम्ही तोंडाने सांगितलंत, ते पुरेसं होतं. शांतपणे ‘मी एक मिनिट लॅपटॉप काढून घेते’ म्हणायची सोय तिथे असायला हवी होती, आणि ती देणं कर्मचाऱ्यांचं काम होतं. खरं तर बॅग खाली टाकताना आत पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी आहे का हे विचारायलाच हवं. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्येच नेता येतात. तो प्रश्न तुम्हाला विचारला गेला नसेल तर तेही पत्रात लिहा, त्या दिवशी गेटवर किती घाई होती हे त्यातून कळेल. लॅपटॉप खाली जाणारच असेल तर तो पूर्ण बंद असायला हवा, नुसतं झाकण मिटून स्लीपवर ठेवलेला नको. इतर वाचकांनी केबिन बॅगेतही लॅपटॉप, बॅटऱ्या आणि औषधं एका वेगळ्या पातळ पिशवीत, सर्वात वर ठेवावीत. बॅग मागितली की ती पिशवी एका हाताने काढता येते.

राहिला शेवटचा प्रश्न, भांडण्यात अर्थ आहे का. तुमच्याजवळ टॅग आहे, तिकीट आहे, मुदतीत गेलेलं पत्र आहे. माझ्या मते अर्थ आहे. पहिलं उत्तर नकाराचं येण्याची तयारी ठेवा. त्याला उत्तर म्हणून कलम १७, २६ आणि ३६ यांचा उल्लेख करून नकाराचं लेखी कारण मागा. तरीही अडलं तर विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा किंवा ग्राहक न्यायालय, जिथे जे असेल तिथे जाता येतं. न्यायालयात जाण्यासाठी ठिकाणावर पोचल्याच्या दिवसापासून दोन वर्षं असतात. कॅलेंडरवर ती तारीख आत्ताच लिहून ठेवा, पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती पुढे सरकत नाही. कंपनी पैशांऐवजी पुढच्या तिकिटाचं व्हाउचर देऊ करेल. ते घेण्याची सक्ती नाही. रोख रक्कम देऊ केली तर सही करण्याआधी ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत का ते वाचा. असतील तर सही केल्यावर पुढे काही मागता येणार नाही, आणि विमा कंपनीकडचा दावाही त्याने अडू शकतो, तेव्हा आधी त्यांना विचारा. रक्कम दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा कमी असेल, तर अंदाजाचा कागद पुन्हा जोडून फरकाची रक्कम मागा.